दिसायला एक, मशीनला दोन: मायक्रोचा म्यू नेमका कुठला?

मोजपट्टी (धागाकर्ता)

मंडळी, तीन दिवस डोकं धरून बसलोय, शेवटी धागा काढतोय. हवेतले धूलिकण मोजणारी दोन यंत्रं आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन्हींच्या फायली एकत्र करायच्या आणि महिन्याची सरासरी काढायची, एवढंच काम. एककाचा कॉलम दोन्हीकडे आहे, दोन्हीकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच लिहिलंय, मायक्रोसाठी तोच तो शेपटीवाला म्यू. पण एककाप्रमाणे ग्रुप केलं की एकाच्या जागी दोन ग्रुप येतात! वरखाली छापून बघितले, तंतोतंत सारखे. आधी वाटलं कुठेतरी स्पेस चिकटली असेल, ट्रिम केलं, काही फरक नाही. लांबी मोजली तर दोन्हीची सारखी. फॉन्ट बदलला, झूम केलं, चष्मा पुसला.

कहर म्हणजे रिपोर्टच्या स्क्रिप्टमधला फिल्टर एकाच म्यूला ओळखत होता, त्यामुळे दुसऱ्या यंत्राची सगळी रीडिंग दोन महिने गुपचूप गळत होती. एरर नाही, वॉर्निंग नाही, सरासरी मात्र रोज छान येत होती आणि आम्ही ती पुढे पाठवतही होतो. काय भानगड आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरधूर

भानगड जुनी आहे, तुम्ही काही पहिले बळी नाही. ही दोन वेगळी कॅरॅक्टर आहेत. एक आहे 'मायक्रो साइन', युनिकोड या जागतिक अक्षरसंचातला त्याचा क्रमांक (कोडपॉइंट) यू+००बी५, दशमानात १८१. दुसरं ग्रीक लिपीतलं स्मॉल म्यू, यू+०३बीसी, दशमानात ९५६. बहुतेक फॉन्टमध्ये दोघांना एकच आकार दिलेला असतो त्यामुळे चष्मा पुसून उपयोग नाही.

स्ट्रिंगमधल्या प्रत्येक अक्षराचा नंबर छापून बघा, पायथॉन असेल तर ऑर्ड वापरा, १८१ आणि ९५६ दिसतील. आणि तुमची लांबी सारखी का आली तर दोन्ही एकेकच कॅरॅक्टर आहेत, शिवाय यूटीएफ-८ मध्येही (युनिकोड बाइटमध्ये साठवायची पद्धत) दोन्ही दोन-दोन बाइटचीच: पहिलं सी२ बी५, दुसरं सीई बीसी. म्हणजे बाइट मोजले असते तरी पकडलं गेलं नसतं.

मी मुद्दामच इथे चिन्ह टंकत नाहीये, नावानेच लिहितो, कारण टंकलं तर कुठलं टंकलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि आठवड्याने मलाही नाही. बाकीच्यांनीही कृपया तेच करा, नाहीतर धाग्याचा पार चिवडा होईल.

मोजपट्टी

बघितलं. एका यंत्राकडून १८१, दुसऱ्याकडून ९५६. सोल्डरधूर, तुम्हाला साष्टांग _/\_

पण मुळात एकाच अक्षराची दोन खाती उघडलीच का? आणि बरोबर कुठलं?

अर्धविराम

कारण इतिहास. युनिकोडच्या आधी लॅटिन-१ नावाचा आठ-बिटी संच होता, आयएसओ ८८५९-१, १९८७ चा. त्यात पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं होती, ग्रीक लिपी नव्हतीच, पण मायक्रो हे एकक लिहायला तर लागणार, म्हणून ते एकटंच अक्षर चिन्ह म्हणून १८१ व्या खोलीत आणून बसवलं. युनिकोडने पहिल्या २५६ जागा लॅटिन-१ च्या जशाच्या तशा उचलल्या, जुना मजकूर सरळ बदलता यावा म्हणून. मग ग्रीक लिपीचा ब्लॉक आला, त्यात भाषेचा म्हणून म्यू हवाच होता. झाले दोन.

ओहमचंही तसंच. कॅपिटल ओमेगा यू+०३ए९ आणि 'ओहम साइन' यू+२१२६. केल्विनला स्वतःचं के मिळालंय, यू+२१२ए, दिसायला शंभर टक्के इंग्रजी के. आणि अँगस्ट्रॉमला यू+२१२बी, खरं म्हणजे ते स्वीडिश अक्षर आहे, ए वर गोल टिकली, यू+००सी५. हे बरेचसे पूर्व आशियातल्या जुन्या कॅरॅक्टर सेटमधून आलेत, तिकडे ते वेगळे होते म्हणून इकडेही ठेवावे लागले.

बरोबर कुठलं म्हणाल तर युनिकोडवाल्यांचा कल ग्रीक म्यूकडे आहे, आणि मायक्रो साइन जुन्या डेटासाठी ओळखता आलंच पाहिजे असं ते म्हणतात. ओहमसाठीही ग्रीक ओमेगा, केल्विनसाठी साधं के.

यूवादी

एवढी उठाठेव कशाला? सरळ इंग्रजी यू लिहा, यूजी, यूएम, यूएस, आणि मोकळे व्हा. मी वीस वर्षं सर्किटं काढतोय, स्पाइस या सर्किट तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये यूच चालतो, कपॅसिटरवर ४यू७ लिहितो, आजपर्यंत एकही कपॅसिटर तक्रार घेऊन आला नाही.

सोल्डरधूर

@यूवादी, स्पाइसचं नाव काढलंत म्हणून सांगतो, त्याच स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, कॅपिटल लिहा की स्मॉल. मेगा हवा असेल तर एमईजी. एक मेगओहमच्या जागी एक मिलिओहम टाकून अख्खी संध्याकाळ घालवलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय. तेव्हा साधी अक्षरं म्हणजे बिनधोक असं काही नाही हो.

पण यूचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये. यूकम म्हणून मशीन-मशीनमध्ये एककं पाठवायची एक पद्धत आहे, वैद्यकीय डेटामध्ये बरीच वापरतात, त्यात मायक्रोसाठी अधिकृतपणे यूच आहे, म्यू नाहीच. सगळं साध्या आस्कीमध्ये (नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा), म्हणजे हा झगडाच नको.

थेंबथेंब

मी औषधांच्या कामात आहे, आमच्याकडे तर म्यूवर जवळजवळ बंदीच. म्यूजी घाईत हाताने लिहिलं की एमजी वाचलं जातं, आणि तो फरक हजारपट आहे. अमेरिकेतली आयएसएमपी ही औषध-सुरक्षेची संस्था चुका घडवणाऱ्या संक्षेपांची यादी काढते, त्यात म्यूजी आहे, त्याऐवजी एमसीजी लिहा म्हणतात. आणि यूवादी, तुमच्या यूचंही आमच्याकडे जमत नाही, यू म्हणजे युनिट समजतात, शिवाय हाताने लिहिलेला यू शून्यासारखा किंवा चारसारखा दिसतो म्हणून तोही त्याच यादीत. माणसाने वाचायचं असेल तर आम्ही सरळ पूर्ण शब्द लिहितो, मायक्रोग्रॅम. चार अक्षरं जास्त लागतात, लागू देत.

यूवादी

घ्या! आता यूपण गेला.

तळरेषा

मी छपाईच्या बाजूने सांगते. थेंबथेंब म्हणतात तो म्यूजीचा एमजी कॉम्प्युटरसुद्धा करतो, त्याला घाईचं अक्षर लागत नाही. जुन्या फायलींमध्ये सिंबॉल नावाचा फॉन्ट वापरायचे, त्यात म्यू म्हणजे आतून साधा इंग्रजी एम असायचा, फक्त त्याला ग्रीक कपडे चढवलेले. मजकूर दुसरीकडे नेला, फॉन्ट गळून पडला, की खाली उरला एम. ५ मायक्रोग्रॅमचे ५ मिलिग्रॅम. आणि ओमेगा आतून डब्ल्यू असायचा! म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर फॉन्ट गेल्यावर १० किलोवॉटचा होतो. असं एक पत्रक माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं, तक्ता पूर्ण सेट करून झाला, प्रूफ दोघांनी वाचलं, तिसऱ्याने विचारलं की एवढासा रेझिस्टर हीटर आहे का.

पीडीएफमधून कॉपी करणाऱ्यांसाठी अजून एक गंमत. फॉन्टच्या आत प्रत्येक आकाराला नाव असतं, अडोबीच्या जुन्या नावयादीत नुसतं 'म्यू' हे नाव मायक्रो साइनला जोडलंय आणि नुसतं 'ओमेगा' हे नाव ओहम साइनला. त्यामुळे लेखकाने ग्रीक अक्षर टंकलं असलं तरी पीडीएफमधून उचलताना तुमच्या हाती चिन्ह येऊ शकतं. कॉपी केलं म्हणजे तेच आलं असं समजू नका.

आणि तिरका म्यू नको! एसआय या आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीत एकक आणि उपसर्ग दोन्ही सरळ उभे असतात, तिरपं फक्त राशीचं चिन्ह. लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लोक गणितातला म्यू उचलून मायक्रोमीटर लिहितात, तो तिरका येतो, बघवत नाही. एसआययुनिटएक्स पॅकेज घ्या, ते सरळ म्यू काढतं.

शुद्धकाष्ठ

एककांचा विषय निघालाय तर लगे हाथ: 'मायक्रॉन' हा शब्द १९६७-६८ च्या मापनाच्या सर्वसाधारण परिषदेत, म्हणजे सीजीपीएमच्या १३ व्या बैठकीत, रद्द झालाय. मायक्रोमीटर म्हणा. त्याच बैठकीत 'डिग्री केल्विन'मधली डिग्री काढली. संख्या आणि एकक यांच्यात स्पेस हवी, सेल्सिअसच्या आधीसुद्धा. फक्त कोनाच्या अंश, मिनिट, सेकंदाच्या चिन्हांना स्पेस नको.

रात्रपाळी

@शुद्धकाष्ठ स्पेस टाकली की ओळीच्या शेवटी २५ वर राहतात आणि सेल्सिअस खाली पडतं, त्याचं काय?

शुद्धकाष्ठ

न तुटणारी स्पेस, यू+००ए०. अरुंद हवी असेल तर यू+२०२एफ. आणि आता ही स्पेस साध्या स्पेससारखीच दिसते म्हणून कुणी नवीन धागा काढू नका.

मोजपट्टी

थोडं मूळ मुद्द्यावर या हो. मला हजारो ओळी दुरुस्त करायच्यात. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की नॉर्मलायझेशन नावाचा प्रकार असतो, एनएफसी लाव, सगळं एक होईल. लावलं. काहीही झालं नाही. दोन्ही म्यू जागच्या जागी.

अर्धविराम

होणारच नाही. एनएफसी ओहमला ओमेगा करतं, केल्विनला के करतं, अँगस्ट्रॉमला स्वीडिश अक्षर करतं, कारण तिथे युनिकोडने 'ही दोन एकच आहेत' असं ठामपणे लिहून ठेवलंय. म्यूच्या बाबतीत मात्र 'सुसंगततेपुरतं सारखं' एवढंच लिहिलंय. लॅटिन-१ मधला कुठलाच मजकूर एनएफसीने बदलत नाही आणि मायक्रो साइन पडलं लॅटिन-१ चं लाडकं बाळ. तुम्हाला एनएफकेसी लागेल, मधला के महत्त्वाचा. ते १८१ चं ९५६ करतं. लावून बघा, सांगा.

गंमत म्हणून, पायथॉन स्वतःच्या व्हेरिएबलच्या नावांवर एनएफकेसी लावतं. म्हणजे एका म्यूने व्हेरिएबल बनवा, दुसऱ्या म्यूने वाचा, चालतं. अवतरणचिन्हात टाकले की मात्र वेगळे.

मोजपट्टी

लावलं, ग्रुप एक झाला, आनंदाने चहाला गेलो. आल्यावर बघतो तर आगीतून फुफाट्यात. मी अख्ख्या फायलीवर लावलं ना, फक्त एककाच्या कॉलमवर नाही. शेऱ्यांच्या कॉलममध्ये कुणीतरी '१० चा वर्ग पट डायल्युशन' असं लिहिलं होतं, वर चढवलेल्या बारक्या दोनने, ते आता '१०२ पट' झालंय. अडीच लिहिलं होतं, दोन आणि पुढे अर्ध्याचं जोडचिन्ह, ते 'एकवीस भागिले दोन' दिसतंय. आणि एका कॉलममध्ये तापमानाच्या पुढे 'ओसी' आलंय, डिग्रीच्या जागी चक्क इंग्रजी ओ!

अर्धविराम

अरे देवा, चूक माझी. फक्त एककाच्या कॉलमला लावा असं सांगायला पाहिजे होतं. बॅकअप आहे ना?

एनएफकेसी हा रंधा आहे, उंचवटा दिसला की तासतो. वर चढवलेले अंक खाली उतरवतो, जोड अपूर्णांक सोडवतो, न तुटणारी स्पेस साधी करतो. तुमचा एमचा घनसुद्धा नुसता एम३ झाला असेल बघा. शोधण्यासाठी इंडेक्स बनवताना ठीक, मूळ डेटावर मारायची वस्तू नाही ती.

तुमच्या 'ओसी'वरून मात्र एक गोष्ट कळली, तिथे डिग्रीचं चिन्ह मुळात नव्हतंच.

तळरेषा

हो! खरं डिग्रीचं चिन्ह यू+००बी० आहे, त्याला एनएफकेसी हात लावत नाही. ज्याचा ओ झाला तो यू+००बीए, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये पहिला-दुसरा लिहिताना आकड्यापुढे वर जो बारका ओ लावतात तो. तिसरा एक भाऊ आहे, यू+०२डीए, नुसती टिकली, अक्षरावर ठेवायची. मॅकवर ऑप्शन-शिफ्ट-८ म्हणजे खरी डिग्री, ऑप्शन-के म्हणजे टिकली, ऑप्शन-शून्य म्हणजे स्पॅनिश ओ, आणि तिन्ही गोल. लोक जे आधी सापडेल ते दाबतात.

सेल्सिअसचं अख्खं एकत्र चिन्हही आहे, यू+२१०३, डिग्री आणि सी एकाच कॅरॅक्टरमध्ये कोंबलेले. ते नका वापरू, दोन वेगळी लिहा.

मोजपट्टी

बॅकअप आहे. नशीब.

म्हणजे पूर्ण फायलीवर काही नको, एककाच्या कॉलमपुरती छोटी यादी करून बदल करू का? १८१ दिसलं की ९५६ वगैरे?

सोल्डरधूर

अगदी तेच. पाच-सहा ओळींची बदलयादी: मायक्रो साइनचा ग्रीक म्यू, ओहम साइनचा ओमेगा, केल्विन साइनचा के, अँगस्ट्रॉमचा स्वीडिश ए, स्पॅनिश ओ आणि टिकली यांची डिग्री (ही दोन फक्त पुढे सी किंवा एफ असेल तरच). आणि ही यादी फाईल आत येते त्या दारातच लावा, रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये नको, नाहीतर उद्या दुसरा कुणी दुसरी स्क्रिप्ट लिहील आणि परत तेच. मूळ फाईल आहे तशी बाजूला ठेवा, तिला हात नको. यादीत न बसणारं एकक आलं तर फाईल तिथेच अडवा, बोंब मारा. तुमच्याकडे दोन महिने खपलं ते दोन म्यूंमुळे नाही हो, न ओळखलेली ओळ गुपचूप टाकणाऱ्या फिल्टरमुळे.

गो भाषेच्या टाइम लायब्ररीत हे छान केलंय. मायक्रोसेकंद वाचताना दोन्ही म्यू चालतात, साधा यू पण चालतो. छापताना मात्र कायम एकच.

यूवादी

यू पण चालतो ना? बास, मी जिंकलो.

अर्धविराम

आणि दोन महत्त्वाच्या सूचना, आत्ताच सांगतो म्हणजे परत शिव्या नकोत. एककांवर केसफोल्ड (कॅपिटल-स्मॉलचा फरक पुसणारा बदल) लावू नका. त्याने दोन म्यू एक होतात हे खरं, पण सोबत कॅपिटल एम आणि स्मॉल एमही एक होतात, म्हणजे मेगा आणि मिली एका ताटात, अब्जपटीचा फरक.

दुसरं, एककाला अपरकेस कधीच करू नका. मायक्रो साइनचं कॅपिटल केलं की ग्रीक कॅपिटल म्यू येतं, यू+०३९सी, आणि ते दिसायला इंग्रजी कॅपिटल एमच. परत लोअर केलंत तर ग्रीक स्मॉल म्यू मिळतं, मायक्रो साइन परत येत नाही, गेलं ते गेलं. वेबपेजवर सीएसएसमधून हेडिंग कॅपिटल केलं तरी हेच होतं, मायक्रोमीटरचा मेगा-काहीतरी दिसायला लागतो आणि एचटीएमएल उघडून बघितलं तर तिथे सगळं बरोबर.

रात्रपाळी

आमच्या बारक्या दुनियेतलं सांगतो. १६ बाय २ चा तो निळा-हिरवा एलसीडी असतो ना, एचडी४४७८० वाला, त्याला युनिकोड वगैरे काही कळत नाही, त्याच्या पोटात स्वतःची अक्षरांची रॉम आहे. नेहमी मिळणाऱ्या ए०० रॉममध्ये म्यू ई४ ला आहे, ओमेगा एफ४ ला आणि डिग्री डीएफ ला. नवीन पोरं कोडमध्ये सरळ डिग्रीचं चिन्ह टाकतात, एडिटर ते यूटीएफ-८ मध्ये सी२ बी० असं दोन बाइटमध्ये साठवतो आणि स्क्रीनवर तापमानापुढे एक जपानी कटाकाना अक्षर आणि एक आडवी रेघ येते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं डिस्प्लेच जळाला, दुसरा लावला, त्यावरही जपानी.

तसंच एसएमएसचं. एसएमएसच्या मूळ ७-बिट संचात कॅपिटल ओमेगा आहे, पण म्यू नाही, डिग्रीसुद्धा नाही. अलार्मच्या मेसेजमध्ये एक म्यू टाकला की अख्खा मेसेज १६-बिटमध्ये जातो आणि १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते. एकाचे तीन मेसेज, ते पण कधी उलटसुलट पोचतात. तिथे मी यूवादींच्या पक्षात आहे, यूच टाकतो.

गुळमुळीत

मध्येच विचारतो, मला तर म्यूच्या आधी ए वर टोपी असलेलं एक अक्षर दिसतं, सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडली की. हे पण त्यातलंच का?

अर्धविराम

नाही, तो वेगळा आजार. फाईल यूटीएफ-८ आहे आणि उघडणारा तिला जुनी एक-बाइटवाली समजतोय. सी२ बी५ मधला सी२ म्हणजे तुमचा टोपीवाला ए, बी५ म्हणजे मायक्रो साइन. डिग्रीच्या आधीही तीच टोपी येते. इम्पोर्ट करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, किंवा फाईल बनवतानाच सुरुवातीला बीओएम (ही यूटीएफ-८ आहे असं सांगणारी खूण) टाका. टोपी फाइंड-रिप्लेसने काढत बसू नका, एखादा सेव्ह झाला की मग टोपीवर टोपी चढते.

तुमच्या टोपीवरून एवढं मात्र नक्की की तुमचं म्यू १८१ वालं आहे. ग्रीक असतं तर टोपी 'आय'वर आली असती.

गुळमुळीत

चालली की हो आयडिया! वाचनखूण साठवली. आणि म्यू टंकायचा कसा? मी दर वेळी नेटवरून कॉपी करतो.

सोल्डरधूर

विंडोजवर ऑल्ट दाबून धरून आकड्यांच्या पॅडवर ०१८१ किंवा २३०, दोन्हींनी मायक्रो साइन येतं. मॅकवर ऑप्शन-एम, तेही मायक्रो साइनच. लिनक्सवर कंपोज की असेल तर एम मग यू. जर्मन कीबोर्डवर ऑल्टजीआर-एम. ग्रीकवालं हवं तर वर्डमध्ये त्याचा हेक्स कोड टाकून ऑल्ट-एक्स. एचटीएमएलमध्ये 'मायक्रो' नावाची एंटिटी १८१ देते, 'म्यू' नावाची ९५६ देते. म्हणजे बघा, माणूस हाताने टंकेल तर बहुधा १८१ च येणार आणि युनिकोडला हवंय ९५६. म्हणून मी कुणाला 'हेच टंका' सांगायच्या भानगडीत पडत नाही, हवं ते टंका, दारात एक होईल.

तळरेषा

एकच पुस्ती. ९५६ कराल तेव्हा छापायच्या फॉन्टमध्ये ग्रीक आहे का बघा. काही फॉन्टमध्ये लॅटिन-१ पुरतंच सामान असतं, मग मायक्रो साइन त्याच फॉन्टमधून येतं आणि ग्रीक म्यू शेजारच्या फॉन्टमधून उसना, जाडी वेगळी, उंची वेगळी, ओळीत नवख्यासारखा उभा. आत ९५६ साठवा, फॉन्ट रडत असेल तर छापताना १८१ द्या.

मोजपट्टी

अपडेट. बदलयादी दारात बसवली, न ओळखलेलं एकक आलं की फाईल अडकते आणि मला मेल येतो. जुने दोन महिने परत चालवले, दुसऱ्या यंत्राची रीडिंग परत आली, सरासऱ्या नव्याने काढून कळवल्या, थोडं ऐकून घेतलं.

पण ४१ ओळी दारात अडकल्या. एकक 'एमजी' दिसतंय, सगळं कॅपिटल. अर्धविराम यांचं अपरकेसचं वाचून नंबर छापले, ३८ ओळींत पहिलं अक्षर ९२४ आहे आणि ३ ओळींत ७७. आता?

अर्धविराम

९२४ म्हणजे ग्रीक कॅपिटल म्यू. हा तर रंगेहाथ पुरावा आहे, कारण एककात ग्रीक कॅपिटल म्यू कुणीही स्वतःहून टंकत नाही, मेगा लिहिणारा आणि मिली लिहिणारा दोघंही इंग्रजी एमच दाबणार. म्हणजे ते ३८ आधी म्यू होते आणि कुणाच्या तरी स्क्रिप्टने अपरकेस केले. निःशंक मायक्रो धरा. पुढचे ३, म्हणजे ७७ वाले, इंग्रजी एम आहेत, ते कुणीतरी हाताने लिहिलेत, ते मायक्रो की मिली हे अक्षरावरून सांगता येणार नाही.

मोजपट्टी

त्या दिवशी एक शिकाऊ मुलगा एंट्री करत होता, त्याने कॅपिटलवालं बघून तसंच टंकलं म्हणतो, पण त्याला नक्की आठवत नाही. आकड्यावरून अंदाज बांधता येईल, पण नाही बांधत. यंत्राच्या मेमरी कार्डवर मूळ लॉग अजून आहे, सोमवारी ते काढून तीनही ओळी ताडून बघतो. तोवर त्या ओळी सरासरीच्या बाहेर, आणि बाहेर आहेत असं रिपोर्टात लिहून.

यूवादी

यू टंकला असता तर कॅपिटल करूनही यूच राहिला असता. सहज आपलं.